फळ न फोडतां फळांतील पाण्याची परीक्षा

मोंढ्यांत किंवा बागेच्या बांधावर मोसंबीचा सौदा होतांना व्यापारी ढिगांतून चार-पांच फळें उचलतो, चाकूनें आडवीं कापतो, पिळून रस पाहतो आणि तेवढ्या फळांवरून शेंकडों क्रेट मालाचा भाव ठरवितो. हा प्रकार आमच्या परभणी जिल्ह्यांतील बागाईतदारांस मुळींच नवीन नाहीं. ज्या फळाची परीक्षा झाली तें विकतां येत नाहीं, आणि जें विकलें जातें त्याची परीक्षा झालेली नसते, ही या रीतींतील मुख्य अडचण होय.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या स्वतःच्या बागेंतील आंबे बहाराचा माल असाच पाहण्यांत आला. कापलेल्या पांच फळांपैकीं दोन फळांच्या फोडी पांढुरक्या, दाणेदार व कोरड्या निघाल्या आणि सर्व ढिगाचा भाव पडला. माल गेल्यावर झाडांवर जीं फळें राहिलीं होतीं त्यांतील दहा-दहा फळें आम्हीं ओळीवार कापून पाहिलीं. कोरडीं फळें बहुतेक एकाच बाजूच्या, मुरमाड जमिनींतल्या दोन ओळींचीं निघालीं. बाकीच्या ओळींत तीं क्वचितच आढळलीं. म्हणजे दोन ओळींच्या दोषापायीं साऱ्या बागेनें दंड भरला. व्यापाऱ्यास आम्ही बोल लावीत नाहीं. त्याच्या हातीं चाकूखेरीज दुसरें साधन नव्हतें, आणि तें आमच्याही हातीं नव्हतें.

फळ न कापतां, न दाबतां, केवळ त्यावर प्रकाश पाडून आंतील पाण्याचें व घन भागाचें प्रमाण सांगणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. त्यांचें तत्त्व काय, त्यांच्यावर कितपत विसंबावें आणि आमच्या भागांत त्यांचा उपयोग कोठें आहे व कोठें नाहीं, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

जुन्या रीती.— न फोडतां परीक्षा करणें ही कल्पना शेतकऱ्यास परकी नव्हे. टरबुजावर टिचकी मारून आवाजावरून तें पिकलें कीं नाहीं हें ओळखणारे लोक गोदाकांठच्या प्रत्येक गांवीं आहेत. मोसंबें तळहातावर तोलून सारख्याच आकाराच्या दोन फळांत रसाळ कोणतें हें जाणता माणूस सांगतो, कारण कोरड्या फोडीचें फळ आकाराच्या मानानें हलकें असतें. पाण्याच्या टोपल्यांत फळें सोडून पाहण्याचीही रीत आहे. मोसंबें सालीसह बहुधा तरंगतेंच, परंतु कोरडें फळ अधिक वर राहतें. हिमानें आंतून कोरडीं पडलेलीं संत्रीं कॅलिफोर्नियांत याच तत्त्वावर वेगळीं काढीत असत. या रीती टाकाऊ नाहींत. तथापि त्यांचा निकाल आंकड्यांत सांगतां येत नाहीं, आणि जें आंकड्यांत सांगतां येत नाहीं त्यावर सौद्याच्या वेळीं दोन माणसांचें एकमत होणें कठीण.

आंकड्याचें महत्त्व आमच्या वाचकांस सोयाबीनवरून चांगलें ठाऊक आहे. सरकारी खरेदींत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते, इ. स. २०२४ च्या खरीप हंगामाकरितां ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करण्यांत आली होती. त्या एका आंकड्यावर गाडी रिकामी होते किंवा भरलेलीच घरीं परत येते. तेथें वापरलें जाणारें छोटें ओलावामापक यंत्र बहुधा विजेच्या तत्त्वावर चालतें. दाण्यांत पाणी जितकें अधिक तितका त्याचा विद्युत्-गुण बदलतो. फळांच्या बाबतींतही असाच आंकडा पुढेंमागें सौद्यांत येईल. तो आंकडा कसा निघतो हें ज्यास कळतें त्यास तो मान्य करतां येईल किंवा हरकत घेतां येईल. ज्यास कळत नाहीं त्यास तो मुकाट्यानें सोसावा लागेल. यास्तव हा विषय केवळ प्रयोगशाळेचा आहे असें समजूं नये.

फळांत पाणी किती.— मोसंबीच्या खाण्याच्या भागांत सुमारें ८८ टक्के पाणी असतें. पेरूंत तें ८० टक्क्यांच्या किंचित् वर, केळ्यांत ७० ते ७५, सीताफळांत ७० च्या सुमारास, आणि टरबुजांत ९० हून अधिक असतें. मनुकांत तें १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेलें असतें. पाणी वजा जातां जें राहतें त्यास शुष्कांश म्हणावें. साखर, पिष्ट, तंतू, आम्लें आणि क्षार हे सर्व त्या शुष्कांशांत येतात. मोसंबींत पाणी ८८ तर शुष्कांश १२. म्हणजे एक मोजला कीं दुसरा आपोआप कळतो.

येथें एक हिशेब नीट ध्यानांत घेणें अवश्य आहे, कारण त्यांत पुष्कळांची फसगत होते. १०० किलो मोसंबी तोडली, तींत ८८ किलो पाणी व १२ किलो शुष्कांश आहे असें धरूं. उन्हांत व वाटेंत तिचें ५ किलो पाणी उडून गेलें. आतां माल राहिला ९५ किलो आणि त्यांत पाणी ८३ किलो. ८३ ला ९५ नें भागलें तर पाण्याचें प्रमाण ८७.४ टक्के येतें. म्हणजे विकावयाच्या मालांतून पुरे ५ किलो वजन गेलें, परंतु पाण्याचा टक्का मात्र ८८ वरून ८७.४ वर, अर्ध्या टक्क्याहून किंचितच अधिक, उतरला. उलट, १५ टक्के पाण्याच्या १०० किलो मनुकांतून ५ किलो पाणी गेलें तर ९५ किलोंत १० किलो पाणी राहील, आणि टक्का १५ वरून १०.५ वर येईल.

यावरून दोन गोष्टी निघतात. ताज्या फळाची वाटेंतील घट पाहण्यास टक्का मोजणारें कोणतेंही यंत्र निरुपयोगी आहे. तेथें साधा वजनकांटाच श्रेष्ठ. आणि वाळविलेल्या मालांत, मग त्या मनुका असोत, वाळलेली मिरची असो किंवा सुकें अंजीर असो, टक्का मोजणें अत्यंत उपयोगाचें आहे.

मग ताज्या फळांत टक्का मोजावयाचा कशासाठीं? तर तोडणीचा काळ ठरविण्यासाठीं आणि मालाची प्रतवारी करण्यासाठीं. आंब्याचें उदाहरण घ्या. कच्च्या आंब्यांत पिष्ट असतें आणि अढींत तें पिष्ट साखरेंत बदलतें. तोडतेवेळीं ज्या फळांत शुष्कांश कमी तें पिकल्यावर कितीही पिवळें झालें तरी फिकेंच लागणार. म्हणून तोडणीच्या वेळचा शुष्कांश हा पिकल्यानंतरच्या गोडीचा आगाऊ निरोप होय. कॅलिफोर्नियांत ॲव्होकॅडो या फळाची तोडणी शुष्कांशावर नियमानें बांधलेली आहे. तेथील हास जातीच्या फळांत निदान २०.८ टक्के शुष्कांश असल्याखेरीज तें पक्व मानीत नाहींत.

भट्टीची रीत.— पाणी मोजण्याची खरी, सर्वांस मान्य अशी रीत म्हणजे फळ वाळवून तोलणें. प्रथम रिकामी थाळी तोलावी. तिचें वजन ४० ग्रॅम भरलें असें समजा. तींत फळाच्या पातळ चकत्या पसरून पुन्हां तोलावें. वजन ९० ग्रॅम झालें, म्हणजे चकत्या ५० ग्रॅम. मग भट्टींत सुमारें ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेवर त्या ठेवून मधूनमधून तोलीत जावें. लागोपाठ दोन वेळां वजन तेंच भरलें म्हणजे पाणी संपलें असें समजावें. शेवटीं थाळी ४६ ग्रॅम भरली, तर ५० ग्रॅमांपैकीं शुष्कांश ६ ग्रॅम, म्हणजे १२ टक्के, व पाणी ८८ टक्के. उष्णता फार वाढविली तर साखर करपते आणि हिशेब चुकतो. वैशाखांतल्या परभणीच्या उन्हांतही चकत्या कडक वाळतात, परंतु हवेंतील दमटपणाच्या मानानें थोडें पाणी त्यांत राहतेंच. म्हणून उन्हाचा आंकडा ढोबळ समजावा.

ही रीत बिनचूक खरी, पण तिला एक रात्र-दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, भट्टी व ग्रॅमाचा कांटा लागतो, आणि तपासलेलें फळ हातचें जातें. प्रकाशाची रीत निघाली ती या तीन उणिवा भरून काढण्यासाठीं.

प्रकाश पाणी कसें ओळखतो.— कांचेच्या लोलकांतून सूर्यप्रकाश गेला म्हणजे त्याचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगीत पट्टा पडतो, हें शाळेंत पाहिलेलें असतें. यास वर्णपट म्हणतात. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें या पट्ट्याच्या निरनिराळ्या रंगांत थर्मामीटर ठेवून उष्णता पाहिली. तेव्हां तांबड्याच्याही पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं अशा जागीं ठेवलेला थर्मामीटर सर्वांत अधिक चढला. तेथें न दिसणारा प्रकाश आहे हें अशा रीतीनें सिद्ध झालें. त्यास अवरक्त प्रकाश म्हणतात.

प्रकाशाच्या लहरींची लांबी नॅनोमीटरांत मोजतात. एका मिलिमीटरांत दहा लाख नॅनोमीटर असतात. डोळ्यांस दिसणारा प्रकाश सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटरांचा, आणि त्यापलीकडे २५०० पर्यंतचा टापू आपल्या विषयाचा होय.

पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसतें, कारण दिसणारा प्रकाश तें बहुतेक अडवीत नाहीं. परंतु अवरक्त टापूंत कांहीं विवक्षित लांबीच्या लहरी पाणी गिळून टाकतें. या लहरी ७६०, ९७०, १४५० आणि १९४० नॅनोमीटरांच्या आसपास आहेत. याचें कारण असें. पाण्याच्या प्रत्येक कणांत एका प्राणवायूच्या अणूस दोन हायड्रोजनचे अणू जडलेले असतात, आणि ही जोड तारेसारखी सदोदित थरथरत असते. तंबोऱ्याची तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरही आंतून ऐकूं येतात. त्याचप्रमाणें या जोडीचा मूळ कंप सुमारें ३००० नॅनोमीटरांच्या लहरीशीं जुळतो आणि १४५०, ९७० व ७६० हे जणूं त्याचे वरचे स्वर होत. १९४० ची लहर दोन प्रकारच्या कंपांच्या मिळणीनें निघते. ज्या लहरीचा स्वर जुळला ती गिळली जाते. न जुळलेल्या लहरी पुढें जातात.

वरचा स्वर जसजसा उंच तसतसा तो क्षीण, हाही नियम येथें लागूं आहे. १९४० ची लहर एक मिलिमीटर पाण्यांत पुरती नाहींशी होते. १४५० चीही तेवढ्याच पाण्यांत बहुतेक संपते. ९७० च्या लहरीचा मात्र अर्ध्याहून अधिक भाग एक सेंटिमीटर जाड पाण्यांतून पार होतो, आणि ७६० ची तर फारशी अडतच नाहीं. म्हणून वाळलेल्या मालास, ज्यांत पाणी थोडें, १४५० व १९४० या लहरी चांगल्या. आणि रसाळ फळास, ज्यांत आंतवर शिरावयाचें आहे, ७०० ते ११०० नॅनोमीटरांचा टापू सोयीचा. फळांचीं हातांत धरण्याचीं यंत्रें बहुधा याच टापूंत काम करतात.

फळाच्या अंगांत.— यंत्र फळावर प्रकाश टाकतें. कांहीं प्रकाश सालीवरूनच उलटतो. त्यास आंतली कांहींच बातमी नसते. कांहीं आंत शिरून, पेशींवर आपटत, वळणें घेत बाजूनें बाहेर येतो. तो आंतल्या गराची बातमी आणतो. यंत्रांतील वर्णपटमापक या बाहेर आलेल्या प्रकाशाच्या लहरी वेगवेगळ्या करून कोणती किती अडली हें मोजतो. ९७० च्या आसपास खळगा खोल तर पाणी अधिक, उथळ तर कमी, असें स्थूल मानानें म्हणतां येईल.

परंतु खरा हिशेब इतका सोपा नाहीं. साखरेच्या कणांतही तशीच प्राणवायू-हायड्रोजनची जोड असते आणि तिच्या लहरी पाण्याच्या लहरींत मिसळलेल्या असतात. शिवाय प्रकाश फळांत किती अंतर फिरला हें फळाच्या घट्टपणावर अवलंबून असतें. म्हणून एका लहरीवरून निकाल न देतां शंभराहून अधिक लहरींचीं मापें एकत्र घेऊन गणितानें उत्तर काढावें लागतें.

सालीचाही मोठा प्रश्न आहे. प्रकाश फळाच्या पृष्ठाजवळ टाकून जवळच टिपला तर तो थोड्या मिलिमीटरांपलीकडचें फारसें सांगत नाहीं. आंबा व पेरू यांची साल पातळ, तेव्हां तेवढ्यांत गराची बातमी मिळते. मोसंबीची साल जाड, तींत तेलाच्या पेशी आणि खालीं पांढरा कापसासारखा थर. प्रकाश तेथेंच विखुरतो. अशा फळास एका बाजूनें तीव्र प्रकाश देऊन दुसऱ्या बाजूनें तो टिपणें, म्हणजे आरपार पाहणें, अधिक बरें. कोरड्या फोडींचें फळ आरपार प्रकाशानें किंवा क्ष-किरणांनीं ओळखण्याचे प्रयोग झालेले आहेत. टरबुजाची साल तर याहून जाड. सीताफळाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळें यंत्राचें तोंड नीट टेंकत नाहीं आणि बाहेरचा उजेड आंत शिरतो. सारांश, एका फळास चाललेलें यंत्र दुसऱ्यास चालेलच असें नाहीं.

यंत्रास शिकवावें लागतें.— यंत्र जन्मतः शहाणें नसतें. नवा मुनीम दुकानीं आला म्हणजे त्यास माल दाखवून, चुका सुधारून तयार करावा लागतो, तसेंच हें आहे. प्रथम शेंकडों फळांवर प्रकाश टाकून मापें घेतात. मग तींच फळें कापून भट्टीच्या रीतीनें प्रत्येकाचें पाणी काढतात. या दोन नोंदी जुळवून गणिताचें सूत्र बसवितात. पुढें न पाहिलेल्या नव्या फळांवर तें सूत्र लावून पाहतात व पुन्हां भट्टीशीं ताडतात. म्हणजे हजारों फळें न फोडतां तपासतां यावींत म्हणून शेंकडों फळें आधीं फोडावीं लागतात. ज्या भट्टीवरून यंत्र शिकलें ती चुकीची असेल तर यंत्रही चुकीचेंच शिकणार.

शिकवण ज्या फळावर झाली त्याच फळास ती लागूं पडते. कोंकणांतल्या हापुसावर शिकलेलें यंत्र आमच्याकडील केशर आंब्यास जसेंच्या तसें लावणें धोक्याचें आहे. हंगाम बदलला, जमीन बदलली तरी फरक पडतो. म्हणून दरवर्षीं कांहीं फळें पुन्हां भट्टींत घालून सूत्र ताजें करावें लागतें. फळाची उष्णता हीही मोठी शत्रु आहे, कारण उष्णतेबरोबर पाण्याच्या लहरींची जागा किंचित् सरकते. शीतगृहांतून नुकतें काढलेलें फळ आणि मे महिन्याच्या दुपारीं झाडावरून उतरविलेलें फळ यांस एकच सूत्र लावल्यास उत्तरांत तफावत येते, जोंपर्यंत दोन्ही प्रकारचीं फळें शिकवणींत घातलेलीं नाहींत.

चांगलें शिकविलेलें यंत्रही आंब्याच्या शुष्कांशांत साधारण एका टक्क्याच्या आसपास चुकतें. आतां वरचा हिशेब आठवा. वाटेंत ५ किलो घट आली तेव्हां मोसंबीच्या पाण्याचा टक्का अर्ध्याहून किंचित् अधिकच ढळला होता. एका टक्क्यानें चुकणाऱ्या यंत्रास ती घट दिसणारच नाहीं. परंतु १२ टक्के शुष्कांशाचा आंबा आणि १६ टक्क्यांचा आंबा यांतील भेद तें निःसंशय दाखवील. पंचवीस फळें मोजून सरासरी काढली तर इकडे-तिकडे होणारी चूक पंचमांशावर येते. मात्र यंत्राची शिकवणच चुकलेली असेल तर सरासरीनें कांहीं साधत नाहीं. खोटा कांटा शंभर वेळां तोलला तरी शंभर वेळां कमीच दाखवितो.

ही विद्या कशी वाढली.— अमेरिकेंत मेरिलँड प्रांतांतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी शेतकी संशोधनकेंद्रांत कार्ल नॉरिस या अभियंत्यानें इ. स. १९५० ते १९७० या काळांत अंडीं, धान्य व तेलबिया यांवर प्रकाशाचे प्रयोग केले, आणि धान्यांतील पाणी निकट-अवरक्त प्रकाशानें मोजण्याची वाट दाखविली. कॅनडांत १९७५ पासून गव्हांतील प्रथिनांची सरकारी तपासणी या प्रकाशानें होऊं लागली. जपानांत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पीच फळांची गोडी चालत्या पट्ट्यावर मोजून प्रतवारी करणें सुरू झालें. ऑस्ट्रेलियांत आंब्याची तोडणी ठरविण्यास हातांत धरण्याचीं शुष्कांशमापकें बागाईतदार वापरतात. आपल्या देशांत लुधियाना येथील काढणीपश्चात् अभियांत्रिकी व तंत्रज्ञान केंद्रीय संस्थेंत श्याम नारायण झा यांनीं आंब्यावर असे प्रयोग केले, आणि अन्नाची न फोडतां परीक्षा या विषयावरील त्यांचा ग्रंथ इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झाला.

आमच्या जिल्ह्यास उपयोग.— परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम या नऊ तालुक्यांत कापूस व सोयाबीन यांचा विस्तार मोठा असला तरी, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालीं व विहिरींच्या आधारानें मोसंबी, केळी, पेरू, सीताफळ आणि अलीकडे आंबा यांच्या बागा ठिकठिकाणीं आहेत. एका शेतकऱ्यानें एकट्यानें असें यंत्र घेणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. तें वर्षांतून थोडे दिवस लागतें आणि बाकी काळ पेटींत पडून राहतें. गांवच्या संस्थेनें किंवा शेतकरी कंपनीनें एक यंत्र घेऊन पाळीनें वापरणें हाच मार्ग बरा. शिकवणीचें काम तर एकट्याच्या आवांक्यांतलें नव्हेच. इ. स. १९७२ पासून परभणीस कृषि विद्यापीठ आहे. हल्लीं तें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ या नांवानें ओळखलें जातें. बागाईतदारांनीं आपापल्या बागेंतील फळें द्यावींत आणि तेथील भट्टी व जाणकार यांच्या साह्यानें आमच्या जमिनींतल्या, आमच्या जातींच्या फळांवर सूत्र बसवून घ्यावें, अशी मागणी करण्यास कांहींच हरकत नाहीं.

यंत्र दाखविण्यास कोणी आला तर पुढील पांच प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, हें कोणत्या फळाच्या कोणत्या जातीवर शिकविलें आहे? दुसरा, तीं फळें कोणत्या भागांतलीं व किती हंगामांतलीं होतीं? तिसरा, भट्टीशीं ताडून पाहतां चूक किती टक्क्यांची येते, आणि तें ताडणें नव्या फळांवर केलें होतें कीं शिकवणीच्याच? चौथा, फळ किती थंड-ऊन असतां तें चालतें? पांचवा, पुढच्या वर्षीं सूत्र सुधारून कोण देणार? तिसऱ्या प्रश्नास जो स्पष्ट उत्तर देत नाहीं त्याचें यंत्र घेऊं नये.

त्यावरही आपल्या डोळ्यांनीं खात्री करावी. दहा फळें घ्यावींत, त्यांवर शाईनें अंक घालावेत, आणि प्रत्येकाच्या ऊन लागलेल्या व सावलींतल्या अशा दोन्ही बाजूंवर तीन-तीन वेळां माप घ्यावें. त्याच जागीं तीन मापें एकमेकांशीं जुळत नसतील तर यंत्र किंवा धरणारा हात सदोष समजावा. मग तींच फळें, ज्या जागीं माप घेतलें त्याच जागचीं, कापून भट्टींत घालावींत आणि दोन आंकडे शेजारीं मांडावेत. माप घेण्यापूर्वीं यंत्रास पांढरी फरशी दाखवून सारखें करावें, फळावरची धूळ व दंव पुसावें आणि यंत्राचें तोंड सालीस घट्ट टेंकवावें.

ज्यांच्याजवळ यंत्र नाहीं व तें लौकर येण्याचा संभव नाहीं, त्यांनींही स्वस्थ बसूं नये. तोडणीपूर्वीं आठ-दहा दिवस प्रत्येक ओळींतून, झाडाच्या चारी बाजूंनीं मिळून दहा फळें कापून पाहावींत व ओळीवार वही ठेवावी. कोरड्या फोडी फार मोठ्या व उशिरां तोडलेल्या फळांत अधिक आढळतात. ज्या ओळींत त्या निघतील त्यांचा माल निराळा भरावा व निराळाच सांगावा. फळें पाण्यांत सोडून पाहावयाचीं तर दोन्ही प्रकारचीं कांहीं फळें कापून आपली परीक्षा आधीं पक्की करावी. वाटेंतील घट रोखण्यासाठीं पहाटे तोडणी, लगेच सावली आणि झांकलेली गाडी हे उपाय आहेत. घट मोजण्यास एक क्रेट तोडल्याबरोबर व पुन्हां विक्रीच्या वेळीं तोलला म्हणजे पुरे.

आमच्या दोन ओळींची गोष्ट आरंभीं सांगितली. त्या वर्षानंतर आम्ही ओळीवार वही ठेवूं लागलों आणि मुरमाड बाजूचा माल वेगळा भरूं लागलों. चाकू अजून व्यापाऱ्याच्या हातींच आहे. पण तो कोठें चालवावा हें आतां आम्ही सांगतों, आणि जेथें तो चालतो तेथील फळांचा आंकडा आमच्या वहींत आधींच असतो. ज्या दिवशीं चाकूच्या जागीं प्रकाशाचें यंत्र येईल त्या दिवशींही ही वही लागणारच; कारण यंत्रानें दिलेला आंकडा खरा कीं खोटा हें ताडून पाहावयास आपल्याजवळ आपला स्वतःचा आंकडा असला पाहिजे. येत्या बहारापासून आमच्या वाचकांनीं निदान एवढी वही घालावी, अशी आमची त्यांस विनंति आहे.